कोल्हापुरातल्या फाउंड्री-सॉफ्टवेअर कंपनीला ६० लाख हवेत: गावातल्या कारखानदारांकडून घ्यावेत की पुण्याच्या फंडामागे लागावं?

शिरोलीनाका

इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) मीटर आणि तापमानाचा प्रोब बसवून दर हीटचा (एका वितळणीचा) वीजवापर, टॅपिंग (धातू बाहेर काढतानाचं) तापमान, होल्डिंगचा (वितळलेला धातू भट्टीत धरून ठेवण्याचा) वेळ आणि त्या दिवसाची सॅन्ड टेस्ट (साच्याच्या वाळूची चाचणी) या सगळ्याची रिजेक्शनशी (बाद होणाऱ्या कास्टिंगशी) सांगड घालणारी आमची सिस्टिम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल मिळून १४ फाउंड्र्या पैसे भरून वापरतात, प्रत्येकी महिना १०,००० रुपये. एका फर्नेसच्या हार्डवेअर सेटला ८५,००० खर्च येतो आणि तो सध्या आमच्याच अंगावर आहे.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, वय १६ महिने, तीन संचालक आणि तेच भागधारक. १० रुपयांचे १०,००० शेअर, अधिकृत भांडवल १ लाख, म्हणजे सगळं वापरलेलं. केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता आहे.

६० लाख हवेत. ३० नव्या सेटसाठी साडेपंचवीस, बाकी दोन इंजिनिअर आणि विक्रीचा एक माणूस यांचा दीड वर्षाचा पगार. समोर आलेले पर्याय असे:

दोन कारखानदार, दोघेही आमचे ग्राहक, मिळून ५० लाख द्यायला तयार. मागणी ३५ टक्के आणि बोर्डावर एक जागा. ५०० च्या स्टॅम्पवर एमओयू (सामंजस्य करार) करू, शेअरचे कागद निवांत करू असं म्हणतात.

एका संचालकाचे मामा १० लाख कंपनीला बिनव्याजी कर्ज म्हणून देणार.

दुबईतला एक मित्र (पासपोर्ट भारतीय) ८ लाख कन्व्हर्टिबल नोट (आत्ता कर्ज, पुढे त्याचे शेअर) म्हणून देणार.

पुण्यातल्या एका फंडाने 'इंटरेस्टिंग आहे, पुण्याला शिफ्ट व्हा, मग बघू' एवढंच सांगितलंय.

यातलं काय घ्यावं, कशाला हात लावू नये?

---

सीएस_सांगली

तुमच्या यादीतले पहिले तीनही पर्याय ज्या रूपात आलेत त्या रूपात बेकायदेशीर आहेत. पैसे चांगले आहेत, कागद चुकीचे आहेत. एकेक घेऊ.

मामांचं कर्ज. कंपनीने बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेलं कर्ज म्हणजे ठेव, आणि ठेवी घ्यायला तुम्हाला परवानगी नाही. प्रायव्हेट कंपनीला संचालकाकडून किंवा संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, पण कंपनी कायद्यातली नातेवाइकांची यादी आखूड आहे: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. मामा, काका, मेहुणा, साडू यात बसत नाहीत. गंमत म्हणजे आयकराच्या यादीत मामा बसतात. त्यामुळे मामांनी भाच्याला बक्षीसपत्र करून १० लाख दिले तर त्यावर भाच्याला कर नाही, आणि भाचा संचालक म्हणून तेच पैसे कंपनीला कर्जाने देऊ शकतो. पण बक्षीसच हवं. मामांनी भाच्याला उसने दिले आणि भाच्याने कंपनीत टाकले, असं करू नका. संचालकाला 'हे पैसे मी कोणाकडून कर्जाऊ घेतलेले नाहीत' असं लेखी द्यावं लागतं आणि ते खोटं ठरेल. बक्षीस दिलं की परत मागण्याचा हक्क संपतो, हे मामांना आधी नीट सांगा. ते त्यांना पटणार नसेल तर त्यांना सरळ भागधारक करा. आणि कर्ज कोणत्याही मार्गाने आलं तरी दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ (कर्ज-ठेवींच्या माहितीचा फॉर्म) भरायचा, तो बहुतेक जण विसरतात.

दुबईची नोट. डीपीआयआयटी मान्यता असलेल्या कंपनीला कन्व्हर्टिबल नोट काढता येते, पण एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. आठ लाखांची नोट ही नोट नव्हेच, तीही ठेव. मित्राला शेअर द्या. त्याला पैसे पुढे परदेशात न्यायची घाई नसेल तर नॉन-रिपॅट्रिएशन तत्त्वावर घ्या. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून पैसे आले तरी चालतात, ती गुंतवणूक देशी समजली जाते आणि रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरायची भानगड राहत नाही. रिपॅट्रिएशन हवं म्हणाला तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर भरणं आलं. चुकलात तर विलंबशुल्क, आणि पुढच्या फेरीत फंडाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

एमओयू. स्टॅम्पपेपरवर '२५ लाखांना साडेसतरा टक्के' लिहून शेअर तयार होत नाहीत. नवे शेअर कंपनी कायद्याच्या कलम ४२ आणि ६२ च्या वाटेनेच निघतात. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर दिले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे, नाहीतर १२ टक्के व्याज. 'कागद निवांत' म्हणजे हे ६० दिवस उलटणार हे नक्की.

आणखी एक, कारण आपल्याकडे हे सर्रास होतं: 'आमच्या कंपनीत गुंतवणुकीची संधी' असा मेसेज इंडस्ट्रियल असोसिएशनच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये ऑफर नावानिशी, आधी ठरवलेल्या माणसांनाच जाते, जाहिरात चालत नाही. वर्षात २०० माणसांची मर्यादा आहे, ती तुम्हाला लागणार नाही, पण एक फॉरवर्ड महागात पडू शकतो. दंड उभारलेली रक्कम किंवा २ कोटी, यातलं कमी असेल तिथपर्यंत, शिवाय पैसे परत.

---

राजारामपुरी

सीएस साहेब, एवढं घाबरवू नका. गावातल्या निम्म्या कंपन्या अशाच उभ्या राहिल्यात. मामांचे पैसे ताळेबंदात 'अनसिक्युअर्ड लोन' मध्ये दाखवतात, ऑडिटर सही करतो, कोणी विचारत नाही.

---

सीएस_सांगली

@राजारामपुरी, ज्या कंपनीत बाहेरचा पैसा कधीच येणार नाही तिथे वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही हे खरं. यांना पुढे फंडाकडे जायचंय. ड्यू डिलिजन्समध्ये (गुंतवणुकीआधीच्या कागदतपासणीत) पाच वर्षांचे ताळेबंद उघडले की त्या ओळीतलं प्रत्येक नाव विचारतात, आणि मग ते प्रकरण निस्तरेपर्यंत फेरी लटकते. आज तीन आठवड्यांचं काम आहे, तेव्हा सहा महिन्यांचं होईल.

---

कोथरूड_फंड

पुण्याला शिफ्ट व्हा हे सभ्य भाषेतलं 'नाही' असू शकतं. पत्ता हा खरा मुद्दा नाही. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही पुण्याच्याच आरओसीत (कंपनी निबंधकाकडे) येतात, ठराव करून आयएनसी-२२ हा फॉर्म भरला की रजिस्टर्ड ऑफिस हलतं. फंडाचा हिशेब समजला की खरी अडचण दिसेल.

समजा २०० कोटींचा फंड आहे. फी आणि खर्च जाऊन गुंतवायला साधारण १६५ ते १७० कोटी उरतात, २५ कंपन्यांत. गुंतवणूकदारांना तिप्पट द्यायचं तर ६०० कोटी परत यायला हवेत. २५ पैकी बहुतेक कंपन्या काही देत नाहीत किंवा मुद्दल देतात, म्हणून प्रत्येक कंपनीकडे 'ही एकटी अख्खा फंड परत करेल का' या नजरेने बघितलं जातं. विक्रीच्या वेळी फंडाकडे १० टक्के उरले असं धरा. २०० कोटी यायला कंपनी २,००० कोटींना विकली जायला हवी.

आता तुमची बाजारपेठ. देशात ढोबळमानाने ५,००० फाउंड्र्या. प्रत्येकीने वर्षाला १.२ लाख दिले तर अख्खा बाजार ६० कोटींचा. त्यातल्या २० टक्के तुम्ही जिंकल्या, जे फार मोठं यश असेल, तरी वार्षिक उत्पन्न १२ कोटी. १२ कोटींची सॉफ्टवेअर कंपनी हा झकास धंदा आहे. तिघांच्या पिढ्या सुखात जगतील. पण त्यातून २,००० कोटी निघत नाहीत, आणि फंडातल्या पोराने स्लाइड तीनवरच हा गुणाकार केलेला असतो.

तेव्हा फंडाकडे जायचं तर हा गुणाकार बदलणारं काहीतरी हवं. फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, रोलिंग मिल यांनाही तीच सिस्टिम लागू होते का? की डेटाच्या जोरावर ओईएम कंपन्यांना (ट्रॅक्टरसारखा तयार माल बनवणाऱ्यांना) त्यांच्या कास्टिंग सप्लायरची गुणवत्ता दाखवून त्यांच्याकडून पैसे घेता येतात? या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर व्हीसीचा (अशा फंडांचा) नाद सोडा. स्थानिक एंजल (स्वतःचे पैसे घालणारे गुंतवणूकदार), बँक आणि ग्राहकांचा ॲडव्हान्स यावर ही कंपनी उत्तम चालेल. फंडाचे पैसे घेऊन १२ कोटींवर अडकलेल्या कंपनीची अवस्था वाईट असते. फंडाची मुदत आठ-दहा वर्षांची, त्यांना बाहेर पडायचं असतं आणि घेणारा कोणी नसतो.

---

मेल्टशॉप

गुंतवणुकीचं मला कळत नाही, मेल्टिंगचं कळतं. दोन गोष्टी.

एक. महिना १०,००० ही किंमत कशावरून ठरवली? मध्यम फाउंड्री महिना ३०० टन मेटल वितळवते असं धरा. टनाला ५५० ते ६५० युनिट जातात. तुमच्या सिस्टिममुळे होल्डिंग कमी झालं, झाकण उघडं राहणं थांबलं, सुपरहीट (गरजेपेक्षा जास्त तापवणं) आटोक्यात आला आणि टनाला २० युनिट वाचले तर ९ रुपयांच्या दराने महिना ५४,००० वाचतात. रिजेक्शनमधली बचत वेगळीच. ५४ हजार वाचवून १० हजार घेताय. २० हजार सांगा, आणि कोणी कुरकुर केली तर बिल समोर ठेवा.

पण बिल ठेवताना एक काळजी घ्या. भट्टीचं आतलं अस्तर नवं असताना जाड असतं, कॉइल आणि मेटलमधलं अंतर वाढतं, टनामागे युनिट जास्त जातात. अस्तर झिजत गेलं की युनिट आपोआप कमी होतात. तुम्ही नव्या अस्तरावर 'आधीचं' माप घेतलं आणि जुन्या अस्तरावर 'नंतरचं', तर बचत खोटी दिसते, आणि मेल्टिंगचा सुपरवायझर ते मालकासमोर पहिल्याच मीटिंगमध्ये सांगतो. अस्तर भरल्यापासून कितवी हीट आहे तो आकडा सिस्टिममध्ये घ्या आणि १० वी हीट १० वीशी, ४० वी ४० वीशी ताडून बघा. चार्जमधला ओला किंवा गंजका भंगारही तसाच. पावसाळा आणि उन्हाळा यांची तुलना करू नका. गुंतवणूकदारापुढे बचतीचा आकडा ठेवाल तेव्हा तो असाच काढलेला हवा.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. दोन फाउंड्रीमालक तुमच्या कंपनीत ३५ टक्के आणि बोर्डावर बसले, ही बातमी शिरोलीत दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर असेल. बाकीचे १२ ग्राहक काय करतील? एकाच ट्रॅक्टर कंपनीला तीन-चार फाउंड्र्या माल देतात. माझं रिजेक्शन सात टक्के आहे हे शेजाऱ्याला कळलं तर पुढच्या कोटेशनमध्ये तो मला कापणार. दोन जण सिस्टिम बंद करतील, बाकीचे चुकीचे आकडे भरायला लागतील, आणि ते जास्त वाईट.

---

शिरोलीनाका

@मेल्टशॉप, अस्तराचा मुद्दा पटला, हीट नंबर आहे पण तुलनेत वापरत नव्हतो. ग्राहकांच्या डेटाची भीती रास्त आहे, पण पैसे देऊ शकणारी आणि आमचं काम समजणारी माणसं हीच दोघं आहेत. त्यांना टाळायचं की बांधून घ्यायचं?

@कोथरूड_फंड, फोर्जिंगमध्ये इंडक्शन हीटर असतात, तिथे चालेल. ओईएमचा विचार केला नव्हता.

आणि ३५ टक्क्यांबद्दल कोणी बोललंच नाही.

---

हिशेब_आधी

३५ टक्क्यांबद्दल बोलतो, पण आधी ६० लाखांवर बोलतो, कारण ६० लाख लागतच नाहीत.

साडेपंचवीस लाखांचं हार्डवेअर भागभांडवलातून घेणं म्हणजे सगळ्यात महागड्या पैशाने मीटर विकत घेणं. ८५,००० चा सेट ग्राहकालाच विका. त्याला १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, घसारा मिळतो, आणि मेल्टशॉप यांचा हिशेब धरला तर दोन महिन्यांत पैसे वसूल. सगळे तयार होणार नाहीत. जे होणार नाहीत त्यांच्यासाठी अर्धी रक्कम आधी, अर्धी सहा हप्त्यांत. तरीही उरलेल्या सेटला पैसे लागले तर बँकेचं मुदत कर्ज घ्या, सीजीटीएमएसई या लघुउद्योग कर्जहमी योजनेच्या हमीवर तारण लागत नाही. बारा महिन्यांची स्थिर विक्री आणि ऑडिट केलेला ताळेबंद तयार झाला की स्टार्टअपसाठीची केंद्राची वेगळी कर्जहमी योजनाही आहे, पण बँकेच्या शाखेत ती माहीत असलेला माणूस शोधावा लागतो. सीजीटीएमएसई प्रत्येकाला माहीत आहे.

मग ॲडव्हान्स. १४ ग्राहकांकडून वर्षाचे पैसे १० टक्के सूट देऊन आधी घेतले तर १५ लाख १२ हजार हातात येतात. सगळे देणार नाहीत, निम्म्यांनी दिले तरी साडेसात. उद्यम नोंदणी केलीय का? सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत आणि ते मार्चअखेर थकलेलेच राहिले तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, ज्याला सगळे ४३बी(एच) म्हणून ओळखतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा. फाउंड्रीचा अकाउंटंट मार्चमध्ये तुमचं बिल आधी काढतो.

उरले पगार. ३६ लाख धरू. आता टक्के.

५० लाखांना ३५ टक्के म्हणजे पैसे धरून कंपनीची किंमत १ कोटी ४३ लाख. आज तुमचं वार्षिक उत्पन्न १६ लाख ८० हजार, त्यामुळे ही किंमत अपमानास्पद नाही. खरं दुखणं पुढच्या फेरीत आहे. तिघांकडे ६५ उरतात. ईसॉपसाठी (कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरसाठी) १० टक्के काढले की ५८.५. पुढच्या फेरीत २० टक्के गेले की ४६.८. त्याच्या पुढे आणखी २५ टक्के गेले की ३५.१, म्हणजे प्रत्येकी पावणेबारा टक्के. पुढच्या फेरीतला माणूस हे कोष्टक बघून विचारतो की कंपनी चालवणाऱ्यांना चालवायचं कारण काय उरलं. सुरुवातीला १५ टक्के दिले असते तर तीच गणती ७६.५, ६१.२, ४५.९ अशी जाते, प्रत्येकी सव्वापंधरा. फरक कमी वाटतो, पण पहिल्या वाटेत तुमचा एकत्रित हिस्सा पुढच्याच फेरीत ५० च्या खाली जातो, दुसऱ्या वाटेत नाही.

म्हणून माझं म्हणणं: ३६ लाख, १५ टक्के. पैसे धरून २ कोटी ४० लाख, पैशाआधी २ कोटी ४ लाख. १६.८ लाखांच्या उत्पन्नावर ही किंमत ताणलेली आहे हे मान्य. ती मागायची तर आधी दर २० हजार करून निदान चार ग्राहकांकडून तो घेऊन दाखवा. कारखानदार माणूस स्लाइड बघत नाही, बिल बघतो.

तिघांमध्ये आपसात व्हेस्टिंग (शेअरवरचा हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होणं) आहे का? नसेल तर चार वर्षांचं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काही नाही, असं आत्ताच लिहून घ्या. बाहेरचा माणूस आल्यावर ते तुमच्यावर लादलं जातं आणि अटी त्याच्या असतात.

केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेचंही बघा, नवे अर्ज अजून घेतले जातात का ते आधी तपासा. कंपनीचं वय अर्जाच्या वेळी दोन वर्षांच्या आत लागतं, म्हणजे तुमच्याकडे आठ महिने आहेत. प्रोटोटाइप, चाचण्या यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात विस्तारासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोखे. १४ ग्राहक असताना प्रोटोटाइपचं अनुदान मागितलं तर समिती हसेल, दुसरा भाग मागा. संचालकांची वैयक्तिक हमी लागत नाही. पैसे इन्क्युबेटरमार्फत (स्टार्टअपना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत) टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे पोर्टलवर कोणता इन्क्युबेटर अर्ज घेतोय आणि त्याला यंत्रसामग्रीच्या क्षेत्रात गती आहे का ते बघून मगच तीन नावं भरा.

---

कोथरूड_फंड

ग्राहकच गुंतवणूकदार, यावर: टाळायची गरज नाही, बांधून घ्या. भागधारक करारात तीन गोष्टी हव्यात. माहितीचा हक्क कंपनीच्या आर्थिक आकड्यांपुरता. ग्राहकनिहाय तांत्रिक माहिती, रिजेक्शन, हीट लॉग यातलं काहीही कुठल्याही भागधारकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला दिसणार नाही. बोर्डावर जागा नाही, हवं तर निरीक्षक, आणि ग्राहकांच्या दरावर चर्चा असेल तेव्हा तो बाहेर. 'शेजारच्या फाउंड्रीला विकायचं नाही' किंवा 'आम्हाला कायम जुन्या दरात' असली कलमं घुसवू देऊ नका, ती पुढे जाऊन कंपनीची किंमत खातात. आणि करारातलं हे कलम बाकीच्या १२ जणांना स्वतःहून पाठवा. त्यांच्या सेवा करारातही तेच वाक्य टाका. सिस्टिममध्येही तशीच सोय हवी: प्रत्येक फाउंड्रीचा डेटा वेगळा, कोणी कधी उघडला याची नोंद.

साधे इक्विटी शेअर द्या. सीसीपीएस (पुढे सक्तीने इक्विटीत बदलणारे प्राधान्य शेअर), आय-सेफ वगैरे ऐकलं असेल. आय-सेफ हे मुंबईच्या १००एक्स.व्हीसीने २०१९ मध्ये आणलेलं रूप, पण कायद्याच्या नजरेत तेही सीसीपीएसच आहे. कलम ४२ ची सगळी कसरत तशीच करावी लागते, वर कारखानदाराला कॅप आणि डिस्काउंट समजावत बसा. दोन माणसं, किंमत ठरलेली, मग इक्विटी पुरे.

---

शिरोलीनाका

३६ लाख इक्विटी, दोघांकडून प्रत्येकी १८, बोर्ड सीट नाही, असं त्यांच्यापुढे ठेवतो. नाही म्हणाले तर मामा आणि दुबईचा मित्र मिळून तेवढी जागा भरता येईल का तेही बघतो. @सीएस_सांगली, कागदांचा क्रम सांगाल का? आमचे सीए 'एंजल टॅक्स (वाजवी मूल्यापेक्षा जास्त घेतलेल्या किमतीवरचा कर) लागेल, प्रीमियम कमी ठेवा' म्हणतात. खातं एका सहकारी बँकेत आहे.

---

सीएस_सांगली

एंजल टॅक्स २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पातच रद्द झाला, प्रीमियम त्यासाठी कमी करू नका. उलट वाजवी मूल्याच्या खाली शेअर दिले तर घेणाऱ्याच्या हातात कर लागू शकतो. मात्र पैसे कुठून आले हे विचारण्याचा आयकर विभागाचा हक्क कायम आहे. दोघांचे पॅन, विवरणपत्र आणि पैसे निघाले त्या खात्याचा उतारा फाईलला ठेवा.

क्रम असा. आधी शेअर बारीक करा. १०,००० शेअरवर एका शेअरची किंमत २,०४० येते, ईसॉप देताना अडचण होते. दर्शनी मूल्य १० वरून १ केलं की १ लाख शेअर, किंमत २०४. प्रत्येकी १८ लाखांना ८,८२३ शेअर बसतात, रक्कम १७,९९,८९२. कारखानदार गोल १८ लाख पाठवतो आणि १०८ रुपये लटकतात, म्हणून त्याला नेमका आकडा लिहून द्या. त्याच सभेत अधिकृत भांडवल १ लाखावरून एकदम ५ लाख करा, म्हणजे पुढच्या वेळी परत एसएच-७ (भांडवलातल्या बदलाचा फॉर्म) नको. विभाजन आणि वाढ दोन्हींचा एसएच-७, ३० दिवसांत.

दरम्यान मूल्यांकन अहवाल घ्या, आयबीबीआयकडे (केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडे) सिक्युरिटीजसाठी नोंदवलेल्या मूल्यांककाचाच. नेहमीच्या सीएंची ती नोंदणी नसेल तर त्यांचा अहवाल इथे चालत नाही. अहवालात पुढच्या वर्षांचे अंदाज तुम्हीच देता. गुंतवणूकदाराला सांगितलेले आणि मूल्यांककाला दिलेले आकडे एकच ठेवा.

मग विशेष ठराव. सभेची नोटीस २१ दिवसांची, तिघेच भागधारक आहात तर संमतीने कमी मुदतीत होते. ठरावाचा एमजीटी-१४ फॉर्म आधी भरायचा, त्यानंतरच पीएएस-४ हे ऑफर पत्र, नाव आणि अनुक्रमांक टाकून. इथे घाई होते: पीएएस-४ आधी जातो, एमजीटी-१४ मागून. पोर्टलवर तारखा दिसतात.

पैशांसाठी वेगळं खातं उघडा, नेहमीचं चालू खातं नाही. बँक शेड्युल्ड हवी. सहकारी बँका काही शेड्युल्ड आहेत, बऱ्याच नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाव बघा. पतसंस्था अजिबात नाही. ज्याच्या नावाने शेअर त्याच्याच खात्यातून पैसे. संयुक्त नावाने शेअर असतील तर पहिल्या नावाच्या खात्यातून. कारखानदारांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे ऑफर मालकाच्या नावावर आणि आरटीजीएस त्यांच्या फर्मच्या करंट अकाउंटवरून. असं आलं तर परत पाठवा, पुन्हा मागवा.

बोर्डाची बैठक, शेअरवाटप, १५ दिवसांत पीएएस-३ (वाटपाच्या माहितीचा फॉर्म). तो भरला जाईपर्यंत त्या खात्यातल्या पैशाला हात लावायचा नाही, पगाराची तारीख आली तरी. मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे दोघांचे मिळून १८० रुपये. रक्कम किरकोळ म्हणून राहून जाते आणि पुढच्या ड्यू डिलिजन्समध्ये पानभर खुलासा लिहावा लागतो. सर्टिफिकेट दोन महिन्यांत. छोटी कंपनी म्हणून डिमॅटची सक्ती आत्ता तुम्हाला नाही, पण सेबीत नोंदलेल्या फंडांना आता नव्या गुंतवणुकी डिमॅटमध्येच ठेवाव्या लागतात, त्यामुळे फंडाशी बोलणी गंभीर झाली की आयएसआयएन (डिमॅटसाठी शेअरला लागणारा क्रमांक) काढायला घ्या.

सगळं मिळून पाच ते सात आठवडे. भागधारक करारावर सही झाली की त्यातली कलमं आर्टिकल्समध्येही (कंपनीच्या नियमावलीतही) घ्या, विशेषतः तो ग्राहकांच्या डेटाचा मुद्दा. नुसत्या करारात असेल तर ते सही करणाऱ्यांपुरतं राहतं, उद्या एकाने शेअर पुतण्याच्या नावावर केले तर पुतण्याने सही केलेली नसते.

मामा आणि दुबईच्या मित्राला घ्यायचं ठरलं तर याच फेरीत, याच किमतीला, याच पीएएस-४ च्या मालिकेत घ्या. सहा आठवड्यांनी वेगळं करायला गेलात तर मूल्यांकनापासून सगळं पहिल्यापासून.